टोस्टर घेताना : जुना सनबीम की नवा पॉप-अप?

अमेरिकेत 1949 साली आलेला सनबीम टी-20 आजही चालू अवस्थेत मिळतो, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. सर्किट बोर्ड नाही, मोटर नाही. स्लाइस आत सोडली की तिच्या वजनाने खटका बसतो, करंट सुरू होतो. मधली एलिमेंटची तार तापून किंचित लांबते आणि तेवढ्याच हालचालीवर तरफा पाव अलगद खाली नेतात. पाव किती तापला हे बायमेटल पट्टी (दोन धातूंची, तापली की वाकणारी) ओळखते, घड्याळ नव्हे. म्हणूनच फ्रिजमधली गार स्लाइसही नीट भाजली जाते.

पाव अर्धवट खाली जात असेल किंवा पूर्ण वर येत नसेल तर आधी चुरा साफ करा. तरीही तसंच असेल, तर तळाच्या ट्रेमागचा अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू, प्लग काढून, टोस्टर गार असताना, एका वेळी चतुर्थांश फेराच फिरवा.

आता अडचणी. हा 120 व्होल्टचा, सुमारे 1300 वॅटचा. भारतात थेट लावलात तर जवळपास चौपट वॅट ओढून एलिमेंट जळणारच, म्हणून 2 केव्हीएचा (साधारण 2000 वॅट पेलणारा) व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. तो टोस्टरपेक्षा जड! शिवाय धातूची बॉडी, दोन पिनांचा प्लग आणि अर्थिंगचा पत्ता नाही. वायर तीन कोरची, उष्णता सोसणारी घाला, हिरवी म्हणजे अर्थची वायर बॉडीला घट्ट जोडा आणि 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) किमान 1 मेगाओहम येतोय का ते पाहा. एलिमेंटची तार ज्यावर गुंडाळलेली असते ते अभ्रक ओल धरू शकतं, त्यामुळे बरीच वर्षं पडून असलेल्या टोस्टरचं रीडिंग कमी येऊ शकतं; कोरडा करून पुन्हा मोजा.

नव्या पॉप-अपमध्ये दांडा खाली धरतो तो इलेक्ट्रोमॅग्नेट. दांडा टिकत नसेल तर मॅग्नेट आणि पट्टीच्या मध्ये चुरा अडकलाय का ते आधी बघा. बऱ्याच मॉडेलांत सर्किट बोर्डाला लागणारा कमी व्होल्टेज एलिमेंटमधूनच घेतलेला असतो, त्यामुळे एक तार तुटली की अख्खा टोस्टर बंद. 800 वॅटच्या टोस्टरचा रोध साधारण 66 ओहम यायला हवा. एलिमेंटची तुटलेली नायक्रोम तार सोल्डर करू नका, सोल्डर वितळतं.

इंग्लंडचा ड्युअलिट क्लासिक महाग आहे, पण एलिमेंट सुटे बदलता येतात आणि टायमर चावीचा. टोस्ट मात्र आपण दांड्याने वर काढायचा.

अमेरिकेत राहत असाल तर सनबीम खुशाल घ्या. इथे रोजच्या वापराला आयएसआय मार्कचा, 750 ते 800 वॅटचा, तीन पिनांचा, चुऱ्याचा ट्रे बाहेर निघणारा साधा टोस्टर बरा. लादी पावासाठी यातला एकही घेऊ नका, त्याला तवाच लागतो.