मुतखडा गेला, पण डीजे राहिला (माझा अनुभव)

आमच्या बाबांच्या डाव्या कुशीवर वीतभर आडवा व्रण आहे, १९८८ च्या मुतखड्याच्या ऑपरेशनचा. तो खडा त्यांनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत अजून जपून ठेवलाय, घरी पाहुणा आला की चहासोबत डबी निघतेच.

मला त्रास झाला २०१९ च्या सप्टेंबरमधे. दिवसभर कपाशीवर फवारणी करून आलो, जेवलो, झोपलो आणि रात्री दोनला कुशीतून अशी कळ उठली की मी खाटेवरून खाली, मग उलट्या. घरच्यांना वाटलं फवारणीची बाधा झाली, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनंतर आधी तेच मनात येतं. गावच्या डॉक्टरनं इंजेक्शन ठोकलं आणि कळ जांघेकडे उतरते हे ऐकून म्हणाला, विष नाही हे, खडा आहे. सकाळी घाटंजीला सोनोग्राफी, किडनीतून लघवीच्या पिशवीत येणाऱ्या डाव्या नळीत ९ मिमीचा खडा.

आता गावात मुतखडा म्हटलं की सगळेच डॉक्टर. कोणी पानफुटीची पानं आणली, कोणी मक्याच्या केसांचा काढा सांगितला, मित्रांनी बीअर सुचवली (ती त्यांनाच प्यायची होती). पाच दिवस सगळं करून पाहिलं. पण ती नळी आतून जेमतेम ३-४ मिमीची, ९ चा खडा त्यातून कसा जाणार, ड्रिपच्या नळीत कचरा अडकला की मागे पाणी तुंबतं तसं झालं आणि परत सोनोग्राफी केली तर किडनीला सूज.

मग नागपूर. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. जीवनदायी योजना म्हणजे आताची महात्मा फुले, त्यात बसतं असं कळलं होतं पण आमचं रेशनकार्ड पांढरं. आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) टेबलवर कळलं की यवतमाळ धरून चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही चालायचं तेव्हा, फक्त सातबारा लागायचा. सातबारा बाबांच्या नावानं, कार्डावर माझं नाव एक आणि आधारवर स्पेलिंग दुसरं, त्यात दोन दिवस आणि भाऊजींच्या गाडीचं पेट्रोल गेलं. मंजुरी आली तेव्हा कुशीत दुखणंही थांबलं होतं, मी म्हटलं आता जाऊ का घरी, डॉक्टर हसले. दुखणं थांबलं म्हणून खडा गेला असं नसतं म्हणे.

मी विचारलं होतं बाहेरून मशीननं फोडतात ते करा ना, चिरफाड नाही काही नाही. ते मशीनही भारी आहे, डॉर्निअर नावाची जर्मनीची विमानवाली कंपनी, वेगात उडणाऱ्या विमानाला पावसाच्या थेंबांनी काय दणके बसतात ते अभ्यासता अभ्यासता त्यांना हे सुचलं आणि १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकला पहिल्या पेशंटवर वापरलं. पण सिटी स्कॅनमधे माझा खडा कडक निघाला, अशा खड्याला बाहेरचे दणके पुरत नाहीत. म्हणून दुर्बीण आणि लेझर.

मणक्यात इंजेक्शन दिलं, कमरेखाली सगळं बधिर, पण डोळे उघडे आणि स्क्रीन माझ्या बाजूला. लघवीच्याच वाटेनं पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण वर गेली, गुलाबी बोगदा दिसत होता, पुढे पिवळसर काळपट खडा आडवा बसलेला. दुर्बिणीतून केसासारखी काचेची तार पुढे आली, टोकाला प्रकाशाचा ठिपका, टक टक टक आवाज, आणि खड्याचं चक्कीत पडल्यासारखं पीठ उडायला लागलं. दोन तुकडे मोठे राहिले ते तारेच्या इवल्याशा टोपलीत धरून काढले. पाऊण तास लागला असेल. एक टाका नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी.

बाबा म्हणाले, "बस? एवढ्यातच झालं? माह्या टायमाले तं मी बारा दिस पडून होतो. अन् खडा कुठी हाये?" खडा कुठला, पीठ वाहून गेलं. त्यांचा चेहराच पडला.

खरी गंमत पुढे. नळी सुजून बंद पडू नये म्हणून आत डीजे टाकतात. गावात सांगितलं तर पोट्टे म्हणे, वरातीतला का? डीजे म्हणजे डबल जे, आत ठेवायची बारीक पोकळ नळी, बांगडीसारखी वळलेली दोन टोकं, एक किडनीत आणि एक लघवीच्या पिशवीत. पूर्वीच्या सरळ नळ्या घसरून यायच्या म्हणून १९७८ मधे फिनी नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ही दोन्हीकडे वळणारी काढली. टाकताना आतल्या तारेवर सरळ करून सरकवतात, तार ओढली की टोकं आपोआप वळतात. एवढं साधं डोकं! पण ती काही आठवड्यांनी काढायची असते, आणि हे मला कळलंच नाही. तोंडी सांगितलं असेल, मी गुंगीत होतो, भाऊजी बिलाच्या खिडकीवर. कार्डावर इंग्रजीत खाली एक ओळ होती. दवाखान्यातून फोन नाही, मेसेज नाही. मराठीत तारीख लिहायला काय जातं त्यांचं?

त्यात परतीच्या पावसानं कापूस भिजवला, मग वेचणी, मजूर मिळेना, फाईल कपाटात. लघवीला दर तासाला जायचं, लघवी करताना कुशीत ओढ, गाठोडी उचलली की लघवी लालसर. मला वाटलं ऑपरेशननंतर असंच असतं. फेब्रुवारीत उपकेंद्रातल्या सिस्टरला सहज फाईल दाखवली, ती वाचून ओरडलीच, "काय जी भाऊ, नळी अजून आतच हाये का तुमची? काहून नाई काढली?"

परत नागपूर, आधी एक्सरे. नळीवर क्षार चढतात, वरच्या टोकाला जास्त चढले असते तर परत ऑपरेशन होतं. माझं खालचं टोक तेवढं भरलं होतं. यावेळी भूल नाही, नुसती सुन्न करायची जेली. डॉक्टरनं चिमट्यात धरून ओढली, अडकली, थांबले, परत ओढली. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ट्रेमधे पाहिलं तर वीतभराहून लांब निळी नळी, एका टोकाला चुना वाळल्यासारखा थर. नखानं खरवडून पाहिला, निघाला नाही. एक फोटो काढला.

घरी आल्यावर बाबांनी डबी उघडून हात पुढे केला, "दाखव, तुवा काय आणलं?" मी मोबाईल दिला. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे तं डबीत मावलंच नसतं."