बैलाचे पाय आखूड का असतात: मुलांच्या मातकामाची नोंदवही

14 जुलै 2024, रविवार

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तोंडावर आलाय. सोसायटीतली सात पोरं, वयं सहा ते अकरा, आणि दहा किलो शाडू. मागच्या वर्षी सगळ्यांकडून एकाच नमुन्याची कासवं करून घेतली होती. ती दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून गेली, कारण कासवाला घरात काही कामच नव्हतं. म्हणून यंदा एकच अट: आजीच्या घरी सणाला मातीचं काय करतात ते विचारून यायचं. एकजण 'आमच्याकडे गणपती विकत आणतात' एवढंच घेऊन आला. त्याला फोन करायला परत पाठवलं.

पहिला मान बैलांचा. शाडू चाळून, थोडं थोडं पाणी घालत कणकेपेक्षा जरा घट्ट मळला आणि रात्रभर ओल्या फडक्यात ठेवला. ही रात्र वाचवायला जाऊ नका, ताजा मळलेला शाडू बोटांखाली फाटतो. बैल देखणे, उंच, ताठ उभे राहिले, कारण पायांत मी अगरबत्तीच्या काड्या घातल्या होत्या. तेवढी एक हुशारी केली.

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसपैकी एकोणीस पायांना उभ्या चिरा. माती सुकताना आकसते, काडी काही आकसत नाही. मग मातीच फाटणार. मातकाम करणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं.

संध्याकाळी साताऱ्याच्या एक आजी नातीला न्यायला आल्या. चिरलेल्या पायांकडे बघून म्हणाल्या, "हे बैल हायत का बगळं?" मग खाली बसून त्यांनी एक गोळा घेतला. आधी पोट लांबट केलं, त्याच गोळ्यातून चार पाय चिमटीत ओढून काढले, वर अंगठ्याने वशिंड उचललं आणि शेवटी शिंगं. सगळं मिळून तीन मिनिटं. पाय जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढे, आणि जोड कुठेच नाही. काडी नाही, जोड नाही, म्हणून चीरही नाही. कुंभाराचे बैल बुटके असतात ते घाईमुळे, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

दुसरी खेप आजींच्या पद्धतीने केली. सातपैकी सहा बैल धड सुकले. सातवा कुणाच्या तरी पायाखाली आला.

4 ऑगस्ट

नागपंचमी शुक्रवारी आहे, पण माती आजच. आजींनी बजावलंय की पंचमीला जमीन खणायची नाही, काही चिरायचं नाही. आमची माती कापायची तारही त्या दिवशी कपाटात.

नागाचं वेटोळं पोरं चकलीसारखं सहज करतात, सगळी अडचण फण्याची. फणा पातळ, म्हणून आधी सुकतो. खालचं वेटोळं ओलंच असतं आणि मधे मान तुटते. दोन उपाय लागू पडले. एक, फणा मागे वेटोळ्यावर जरासा टेकवायचा. दोन, वेटोळं सुकेपर्यंत फण्यावर ओल्या फडक्याची चिंधी ठेवायची. सुकवणं सावलीतच, उन्हात ठेवलेल्या एका नागाने दोन तासांत मान टाकली.

डोळ्यांना एका पोराने गावाहून गुंजा आणल्या होत्या. दिसतात सुंदर, आणि जुन्या कामांत असतातही, पण गुंज विषारी असते आणि आमच्यातली सर्वांत धाकटी अजून सगळं तोंडात घालून बघते. गुंजा काढून घेतल्या आणि ज्वारीचे दाणे दिले. नाग थोडे आश्चर्यचकित दिसतात, चालायचंच.

1 सप्टेंबर

उद्या पोळा. नागपूरकडच्या पोराला तान्ह्या पोळ्यासारखा, म्हणजे तिकडच्या लहान मुलांच्या पोळ्यासारखा, चाकांचा बैल हवा होता. ते बैल लाकडाचे असतात हे सांगून पाहिलं, ऐकलं नाही. मातीची चाकं पहिल्याच ओढीला गेली. आता बैल खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसून बाटलीच्या झाकणांवर चालतो, आणि पोरगा खूश आहे.

त्याच्या आजोबांनी शेतातली काळी माती पाठवली होती. मळताना लोण्यासारखी, सुकल्यावर एप्रिलमधल्या वावरासारखी भेगाळलेली. काळी माती पाणी पिऊन फुगते तितकीच नंतर आकसते. कुंभार मातीत राख नाहीतर घोड्याची लीद मिसळतात, ते यासाठीच. निम्म्याला निम्मी चाळलेली राख घातली तेव्हा जमलं. लिदीचा प्रयोग सोसायटीत करणं शक्य नाही.

गणपतींबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. पाच झाले, दोन सोंडा परत जोडल्या. रंग मुद्दाम दिला नाही, ते का ते पुढे येतंच.

15 सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती 8 तारखेला बादलीत विसर्जन केले होते. गाळ बसल्यावर वरचं पाणी झाडांना घातलं आणि गाळ जुन्या सुती कापडावर पसरला. आज माती हाताळण्याजोगी झाली आणि पहिल्यापेक्षा चिकट, गुणी निघाली. रंग नसल्याचा फायदा हा.

जळगावकडच्या मुलीला गुलाबाई, म्हणजे पार्वती, करायची आहे. पौर्णिमेला बसवतील, कोजागिरीपर्यंत गाणी आणि डब्यातला खाऊ ओळखणं. गणपतीच्या मातीची गुलाबाई चालेल का, असं तिच्या आजीला फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "मायलेकराची माती एकच असणार ना, भाऊ." मग गुलाबाई आणि शेजारी गुलोजी, म्हणजे शंकर, दोघं मांडी घालून. बसलेल्या मूर्तीला पायांची कटकटच नाही, हे पोरांनीच हेरलं. गुलोजींचा फेटा मात्र तीनदा घसरला. शेवटी डोकं आणि फेटा एकाच गोळ्यातून काढले.

8 डिसेंबर

वसईच्या घरातल्या पोराचा नाताळचा गोठा. बाळ, मारिया, योसेफ झाले. मेंढ्या म्हणजे गोळे आणि त्यांवर काडीने टोचे. बाळ गव्हाणीत सुटं ठेवलंय, चिकटवलेलं नाही. त्याच्या घरी ते 24 च्या रात्रीच ठेवतात.

बैल करायला माती पुरेना. तेव्हा साताऱ्याच्या नातीने घरून आपला बेंदराचा बैल आणला. आखूड पायांचा असल्याने गव्हाणीशेजारी नीट मावला. शिंगांना जुलैतला हिंगूळ अजून होता, तो तसाच ठेवायचा ठरलंय. परत मात्र तो तिला 6 जानेवारीनंतर, गोठा काढल्यावर मिळणार, यावरून दोघांची अजून भांडणं चालू आहेत.