डर्कचा पुतळा आणि आप्पांचा प्रश्न

गेल्या रविवारी आप्पांना डॅलसच्या डाउनटाउनला घेऊन गेले होते. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत, आता शेवटचा आठवडा चाललाय. देऊळ झालं, आयर्व्हिंगचा गांधी प्लाझा झाला, केनेडींना गोळी घातली तो चौक झाला, कॉस्टको तर चार वेळा झालं. एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ऑरेंज लाइनने व्हिक्टरी स्टेशनला उतरायचं, समोरच अमेरिकन एअरलाइन्स सेंटर, म्हणजे डॅलसच्या बास्केटबॉल टीमचं स्टेडियम, आणि त्याच्या बाहेर त्या टीमच्या डर्क नोव्हित्स्कीचा पुतळा.

आप्पांनी पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, खो-खोच्या टीम घडवल्या, त्यामुळे ते पुतळा बघत नाहीत, माणसाची पोझिशन बघतात. डर्क एका पायावर उभा, दुसरा गुडघा पुढे उचललेला, अंग मागे कललेलं, दोन्ही हात वर, बॉल सुटायच्या बेतात. आप्पा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मागं पडता पडता मारतोय हा. आणि जातो होय आत?" मी म्हटलं हो, आणि अडवताच येत नाही, मुळात सात फुटांचा माणूस, त्यात असा मागे झुकला की समोरच्याचा हात पोचतच नाही. या शॉटला फेडअवे म्हणतात. त्यावरूनच खाली चौथऱ्यावर लिहिलंय, "लॉयल्टी नेव्हर फेड्स अवे". निष्ठा कधी ओसरत नाही. 21 सीझन, एकच टीम.

आप्पांनी विचारलं, "इथलाच का हा?"

"नाही, जर्मनीचा."

"मग निष्ठा कुणाशी?"

बस, एवढंच. टोमणा नव्हता, माझे वडील टोमणे मारत नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मी 2009 मध्ये आले, आले तेव्हा "पाच वर्षांत परत येतो" असं सांगून आले, आणि मला तिथे पटकन काही बोलता आलं नाही. फोटो काढले, पाणी प्यायलो, विषय बदलला. आठवडाभर ते डोक्यात फिरतंय म्हणून हे लिहितेय.

तर डर्क. गाव व्युर्झबुर्ग, जन्म 1978. आई जर्मनीच्या टीमकडून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलवाले, घरचा धंदा रंगकामाचा. पोरगा आधी हँडबॉल आणि टेनिस खेळायचा. मग होल्गर गेश्विंडनर नावाच्या माणसाने त्याला हेरलं, हा जर्मनीचा जुना ऑलिम्पिक खेळाडू, गणित आणि फिजिक्स शिकलेला, तो याच्याकडून नाव वल्हवून घ्यायचा, सॅक्सोफोन शिकायला लावायचा, पुस्तकं वाचायला द्यायचा. आप्पांना हे सगळ्यात जास्त आवडलं. "कोच असाच पाहिजे, नुसता शिट्टी मारणारा नको," म्हणाले.

1998 मध्ये इथेच टेक्ससमध्ये, सॅन अँटोनियोला ज्युनियर मुलांची एक मॅच झाली, त्यात या पोराने अमेरिकेच्या मुलांविरुद्ध 33 पॉइंट आणि 14 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडणं) काढले. त्याच जूनमध्ये ड्राफ्टला, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, नवव्या नंबरवर मिलवॉकीने घेतला आणि लगेच डॅलसला देऊन टाकला. तेव्हा जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून येऊन एनबीएमध्ये, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगमध्ये, कोणी काही करेल असं इथे फार कोणाला वाटत नव्हतं. आणि पहिल्या सीझनला तसंच झालं. सरासरी 8.2 पॉइंट, टीम 50 पैकी 31 मॅच हरली, लोक म्हणायला लागले की युरोपियन आहे, मऊ आहे. त्याने स्वतः नंतर सांगितलंय की घरी परत जावं असं मनात येत होतं.

हे पहिलं वर्ष मला त्याच्या सगळ्या रेकॉर्डांपेक्षा जवळचं वाटतं. मी फिजिओथेरपिस्ट, मिरजेत दोन वर्षं पेशंट बघितलेले, आणि इथे एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर बायकोला मिळतो त्यावर, तेव्हा कामाची परवानगीच नव्हती. डिग्री तपासायला पाठवली, त्यांनी आणखी कोर्स करायला सांगितले, बोर्डाची परीक्षा दिली, आणि हे सगळं करूनही घरीच. 2015 ला नियम बदलला तेव्हा वर्क परमिट आलं. सहा वर्षं. गावाकडे फोनवर लोक विचारायचे "मग तू काय करतेस दिवसभर?", आणि विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसायचा हे मला आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं. अमेरिकेच्या अनेक नियमांचं मी कौतुक करते पण हा नियम मला आजही आठवला की राग येतो, शिकलेल्या हजारो बायका घरी बसवून कोणाचं काय भलं झालं हे मला कोणी सांगितलेलं नाही.

असो. नंबरची एक गोष्ट सांगते. त्याला 14 नंबर हवा होता, पण डॅलसमध्ये तो आधीच रॉबर्ट पॅककडे होता, म्हणून याने उलटा करून 41 घेतला. जर्मनीकडून खेळताना 14, डॅलसला 41. तेच आकडे, फक्त देश बदलला की फिरतात. मला यातच सगळं दिसतं. दवाखान्यात मी वेगळ्याच उच्चाराने हाक मारलेली बाई असते आणि सांगलीत मी अजूनही सरांची मुलगी असते, आणि दोन्हीही मीच असते.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे 2006 ते 2011. ही पाच वर्षं मी आप्पांना सचिनच्या भाषेत सांगितली, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार. 2006 च्या फायनलला (ती सात मॅचची असते) डॅलस मायामीविरुद्ध 2-0 ने पुढे आणि मग सलग चार हरले. पुढच्या सीझनला याच टीमने 82 पैकी 67 मॅच जिंकल्या, आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला आठव्या नंबरवरच्या गोल्डन स्टेटने घरी पाठवलं. शेवटच्या मॅचला डर्कचे 13 पैकी 2 शॉट आत. हे मे 2007. आणि मार्च 2007 ला आपण काय करत होतो? बांगलादेशकडून हरलो, श्रीलंकेकडून हरलो, वर्ल्ड कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर, सचिनने रिटायर व्हावं असे लेख छापून येत होते. डर्कला तर हरल्यानंतर दोन आठवड्यांनी एमव्हीपीची, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूची, ट्रॉफी घ्यायला उभं राहावं लागलं, युरोपातून आलेला पहिला एमव्हीपी, आणि चेहरा असा की कोणीतरी गेलंय. मग तो होल्गरला घेऊन ऑस्ट्रेलियात कित्येक आठवडे भटकत राहिला.

आणि मग दोघांनाही एकाच वर्षी विजेतेपद मिळालं. 2 एप्रिल 2011, आम्ही पहाटे 4 ला उठून बारा जण एका अपार्टमेंटमध्ये, सचिन 18 वर आउट झाला तेव्हा एकाने टीव्ही बंद करायला रिमोट उचललेला मला आठवतोय, मग गंभीर 97, धोनी 91 नाबाद. आणि 12 जूनला मायामीत, एनबीए फायनलच्या शेवटच्या मॅचला, डर्कचा पहिल्या हाफला 12 पैकी एकच शॉट आत गेला, एकच! पण टीममधल्या जेसन टेरीने 27 काढले, सगळ्यांनी तोलून धरलं, आणि दुसऱ्या हाफला डर्कने 18 काढले. म्हणजे इतकी वर्षं ज्याने टीम उचलली त्याला शेवटच्या दिवशी टीमने उचललं. दोन्हीकडे तेच. मुलगी तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती, तिला मांडीवर घेऊन मी दोन्ही मॅच बघितल्या आणि दोन्ही वेळा रडले.

फिजिओ म्हणून आणखी एक सांगते कारण हे फार कोणी सांगत नाही. त्या फायनलच्या पहिल्या मॅचला त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन तुटला. मॅलेट फिंगर म्हणतो आम्ही, बोटाचं टोक खाली लोंबतं, सरळ होत नाही, सहा-आठ आठवडे स्प्लिंट लावून ठेवायचा असतो आणि त्या काळात एकदा जरी वाकवलं तरी पुन्हा पहिल्यापासून. तो स्प्लिंट लावून दुसरी मॅच खेळला, 15 पॉइंटने मागे असलेली टीम परत आली, डॅलसचे शेवटचे 9 पॉइंट याचे, आणि जिंकून देणारा लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट, त्याने कुठल्या हाताने टाकला, तर त्याच डाव्या हाताने. चौथ्या मॅचला अंगात 101 ताप, तरी 21 पॉइंट. तेरा वर्षं ज्याला मऊ म्हणत होते तो हाच. माझे पेशंट जेव्हा म्हणतात की बोटाचं काय एवढं, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगते, आणि लगेच सांगते की तुम्ही मात्र स्प्लिंट काढायचा नाही.

मॅच संपल्याची घंटा झाल्यावर सगळे कोर्टवर नाचत होते आणि हा टेबल ओलांडून आत लॉकर रूममध्ये निघून गेला, एकटा रडायला. बोलावून आणावं लागलं. आप्पा यावर काही बोलले नाहीत, पण फोनवर तो व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला.

पैशाचं पण सांगायला हवं, कारण आपल्याकडे इथल्या लोकांबद्दल पहिलं वाक्य हेच असतं की सगळं पैशासाठी. 2014 ला त्याचा करार संपला. दुसऱ्या टीमकडून सुमारे 97 मिलियन डॉलर मिळत होते अशा बातम्या होत्या, त्याने डॅलसकडून तीन वर्षांचे 25 घेतले, का तर टीमला बाकीचे चांगले खेळाडू घेता यावेत. आता 25 मिलियनवाल्याला त्याग केला म्हणणं मलाही जड जातं. पण सोडलेला आकडा सोडलेलाच असतो. मी काही कोटी सोडलेले नाहीत, मान्य, पण आम्ही कॅलिफोर्नियाच्या जास्त पगाराला नाही म्हणून इथे राहिलो ते मुलीची शाळा आणि माणसं सुटू नयेत म्हणून, आणि "पैशासाठी राहिलेत" हे मला कोणी म्हटलेलं आवडत नाही.

पुढचं भराभर. 7 मार्च 2017 ला 30,000 पॉइंट, तिथे पोचलेला फक्त सहावा खेळाडू. 9 एप्रिल 2019 ला घरच्या कोर्टवर शेवटची मॅच, चाळीस वर्षांचा माणूस, घोट्याचं ऑपरेशन झालेला, पळताना लंगडल्यासारखा, आणि 30 पॉइंट. एकूण 31,560. मग 2022 च्या जानेवारीत त्याचा 41 नंबर सन्मानाने अरीनात वर टांगला, त्याच वर्षी ख्रिसमसला हा पुतळा, 2023 ला हॉल ऑफ फेम. अरीनाजवळच्या रस्त्यालाही त्याचं नाव आहे.

आता आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. हा माणूस एनबीएत एवढा मोठा झाल्यावरही दर उन्हाळ्यात जर्मनीला जायचा आणि तिथे रॅटेल्सडॉर्फ नावाच्या लहानशा गावातल्या शाळेच्या जिममध्ये होल्गरबरोबर प्रॅक्टिस करायचा. जिथे शिकला त्याच पद्धतीने, त्याच कोचकडे. देशाकडूनही खेळला, 2002 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ, 2005 च्या युरोपियनला सिल्व्हर, 2008 ला बीजिंगला जर्मनीचा झेंडा त्याच्या हातात होता. 2022 ला जर्मनीने पण त्याचा 14 नंबर कायमचा त्याच्या नावावर ठेवला. आणि 2023 ला जर्मनी वर्ल्ड कप जिंकली, हा रिटायर झाल्यावर, पण ती पोरं कोणाला बघत मोठी झाली? तिथे कोणी म्हणत नाही की देश सोडून गेला. मग आपल्याकडेच का म्हणतात?

हे मी ट्रेनमध्ये परत येताना आप्पांना सांगत होते, जरा आवाज चढवूनच. लुका डॉन्चिचचं पण सांगितलं, की डर्कनंतर ज्याला सगळ्यांनी आपला मानला त्या पोराला याच टीमने फेब्रुवारी 2025 मध्ये एका रात्रीत लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, लोक निषेध म्हणून शवपेटी घेऊन याच पुतळ्यासमोर आले होते. आणि डर्क काय करतो, तर लुकाची तिकडची पहिली मॅच बघायला स्वतः लॉस एंजेलिसला जाऊन बसतो. लुका परत डॅलसला खेळायला आला तो दिवसही 9 एप्रिल, आधी रडला आणि मग 45 पॉइंट मारले. म्हणजे निष्ठा चौथऱ्यावर कोरता येते पण ती पाळायची माणसांनीच असते, असं मी म्हणत होते आणि आप्पा खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

आयर्व्हिंग यायच्या आधी त्यांनी विचारलं, "तो गावच्या जिममधे यायचा म्हणालीस. किती दिवस राहायचा?"

मी म्हटलं, "दर उन्हाळ्यात जायचा, आप्पा."

"किती दिवस, ते विचारतोय."

आम्ही दोन वर्षांतून एकदा जातो. पंधरा दिवस. त्यातले चार सासरी, तीन पुण्यात, दोन जेटलॅगमध्ये. आप्पांनी ते मोजून दाखवलं नाही, मीच मोजलं.

सोमवारी क्लिनिकमध्ये मॅनेजरला ईमेल केला, पुढच्या जूनमध्ये सहा आठवडे, त्यातले चार बिनपगारी. मुलीला सांगितलं तर तिने विचारलं की सांगलीला बास्केटबॉलचं कोर्ट आहे का. आप्पा म्हणाले, "रिंग वाकलीय, पण आहे. मी सरळ करून घेतो."

गुरुवारी त्यांची फ्लाइट आहे. मॅनेजरचं उत्तर अजून आलेलं नाही, पण तिकिटं मी बघून ठेवलीत.