शेवटच्या चाळीस सेकंदांचा फेड-आऊट: अखेर वाट सापडली

कालच्या टेक्निकल तालमीत दोन अंकीच्या शेवटचा फेड-आऊट पहिल्यांदाच न अडखळता तळापर्यंत गेला. प्रेक्षागृहात बसलेली आमची दिग्दर्शिका काही बोललीच नाही, तेव्हाच कळलं की जमलं. एलईडी दिवे मंद होत अगदी तळाशी आले की झटक्याने विझतात, हा प्रश्न मागच्या नोंदीत अर्धवट सोडला होता, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

या वर्षातल्या आमच्या बाकीच्या कामांचं आधी उरकतो. एकांकिकेचे ठरलेले प्रयोग झाले, नवी संहिता बसली, बालनाट्य अजून सुरू आहे. त्यातल्या झाडाच्या फ्लॅटचं (नेपथ्याच्या उभ्या सपाट तुकड्याचं) कौतुक मात्र करायलाच हवं. नेपथ्य करणाऱ्या मित्राने त्याचे दोन भाग सुट्या खिळीच्या बिजागऱ्यांनी जोडलेत. खीळ वर ओढली की तुकडे वेगळे, पुन्हा घातली की झाड उभं. ना स्क्रू, ना ड्रिल, आणि सांधा पुढून दिसतही नाही. दौऱ्यावर फ्लॅट नेणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं.

आता मूळ दुखणं. शेवटच्या प्रवेशात आई टेबलाशी एकटी बसलेली असते. शेवटचं वाक्य संपतं आणि तिथून चाळीस सेकंदांत रंगमंच काळोखात जातो. दिग्दर्शिकेची अट एकच: अंधार नेमका कधी झाला ते कुणाला कळता कामा नये. आमचे सगळे पार (रंगमंचावर झोत टाकणारे दिवे) आता एलईडी आहेत. दहा टक्क्यांपर्यंत ते सुरेख उतरायचे, तिथून खाली आले की चेहऱ्यावरचा उजेड टप्प्याटप्प्याने तुटायचा, रंग ढळायचा आणि शेवटी टप्पकन विझायचा. इतकं शांत वाक्य आणि त्यावर हा झटका.

कारण आकड्यांतच आहे. कन्सोलवरून (दिव्यांच्या नियंत्रण टेबलावरून) दिव्यांना हुकूम जातात ते डीएमएक्स या पद्धतीने, आणि तिच्या एका चॅनलला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. २०० वरून १९९ वर आलं तर फरक अर्ध्या टक्क्याचा, तो दिसत नाही. पण २ वरून १ म्हणजे उजेड थेट निम्मा, आणि डोळ्याला फरक जाणवतो तो या प्रमाणातला. शिवाय आमचा पिवळसर पांढरा लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेला. तळाशी गेल्यावर निळा आधी शून्यावर येतो, मग हिरवा, म्हणून चेहरा लालसर होत जातो. १९८६ मध्ये हे डीएमएक्स ५१२ ठरलं तेव्हा समोर तारेच्या दिव्यांचे डिमर होते. तापलेली तार हळूहळू निवते, त्यामुळे मधल्या पायऱ्या आपोआप पुसल्या जायच्या. विझत्या निखाऱ्यासारखा तो दिवा तांबूस होत जायचा, आणि तेही चांगलंच दिसायचं. एलईडीला तशी ऊब नाही. सांगितलेली पायरी तो त्याच क्षणी दाखवतो.

पहिला उपाय अर्थातच १६ बिट मोड. एका रंगाला दोन चॅनल, एक ढोबळ आणि एक बारीक, म्हणजे २५६ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या. मोड बदलला, पण फरक शून्य. बराच वेळ गेल्यावर उलगडलं की कन्सोलच्या लायब्ररीत या दिव्याचं फक्त ८ बिटचं प्रोफाइल (कोणता चॅनल काय करतो याची नोंद) होतं. बारीक चॅनल ही ढोबळ चॅनलची शेपटी आहे हे कन्सोलला माहीतच नव्हतं, त्यामुळे ते दोन्ही स्वतंत्र दिवे समजून वेगवेगळे उतरवत होतं. प्रोफाइल हाताने लिहिलं तेव्हा आमच्या चार पारचं दुखणं संपलं. भाड्याने आणलेल्या बाकीच्या पारमध्ये मात्र १६ बिट मोडच नाही, आणि देणाऱ्याने चॅनलचा तक्तासुद्धा दिला नव्हता. माझं आता ठाम मत झालंय: भाड्याचा दिवा घेताना तो पूर्ण उजेडावर बघून काही कळत नाही. पाच टक्क्यांवरून शून्यावर आणायला सांगा आणि पांढऱ्या भिंतीकडे बघा. दिव्याची खरी लायकी तिथे दिसते.

मधेच दिवे लुकलुकायला लागले तो वेगळा ताप, पण तो लवकर मिटला. कुणीतरी डीएमएक्सच्या ओळीत माइकची केबल जोडली होती. ती काढली, शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावायचा रोध) लावला आणि लुकलुक बंद.

काल जमलं ते असं. भाड्याच्या पारपैकी दोघांवर ०.९ चा न्यूट्रल डेन्सिटी जिलेटिन (रंग न बदलता उजेड कमी करणारा पारदर्शक कागद) लावला. तो उजेडाचा साधारण आठवा हिस्साच बाहेर सोडतो, त्यामुळे प्रत्येक पायरीही आठपट लहान होते. बाकीचे दिवे उतरत असताना ही जोडी स्थिर जळते आणि त्यांचा अडखळता तळ झाकून टाकते. ते पूर्ण गेले की मग जोडी तिच्या बारीक पायऱ्यांवरून उतरते. कडेच्या खुर्चीवरून बघितलं तरी उडी दिसली नाही. आईचा हात टेबलावरून नाहीसा झाला तो नेमका कधी, हे मलाही सांगता आलं नाही, आणि क्यू शीट (दिवे कधी बदलायचे त्याची यादी) तर माझ्याच हातात होती.

इथपर्यंत लिहिलं आणि एक गोष्ट लख्ख दिसली. झाकायलाच एक स्थिर उजेड हवा असेल, तर तो टेबलावरच्या दिव्याचा का नको? पहिल्या अंकापासून तो तिथे आहे, आई त्याच उजेडात पत्र वाचते. त्यात तारेचा बल्ब घालून तो डिमरवर घेतला तर सगळ्यात शेवटी विझणारी गोष्ट खरोखर तापलेली तार असेल, आणि हवा तो तांबूसपणा फुकटात मिळेल. नजर तशीही दृश्यातल्या सगळ्यात उजळ बिंदूकडे जाते. मागच्या एलईडीने थोडी उडी मारली तरी तिकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

अडचण एकच. आमच्या जुन्या थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) डिमरला किमान लोड लागतो, म्हणजे त्यावर ठरावीक वॅटचे दिवे तरी जोडलेले हवेत. एकटा ६० वॅटचा बल्ब त्यावर फडफडेल किंवा पूर्ण विझणारच नाही. म्हणून त्याच डिमरवर ५०० वॅटचा एक हॅलोजन समांतर जोडून विंगेत झाकून ठेवायचा विचार आहे. तो तापतो, त्यामुळे पडद्यापासून लांब आणि वर मोकळी हवा राहील असा ठेवावा लागेल. हे जमलं तर जिलेटिनवाली जोडी मोकळी होईल आणि पहिल्या अंकात खिडकीच्या बाजूने साइड लाइट म्हणून वापरता येईल. तिथे आत्ता चेहरे सपाट दिसतात, हे मला पहिल्यापासून खटकतंय.

दिग्दर्शिकेला आत्ताच फोन केला. तिचं म्हणणं, दिवा शेवटी जाणार असेल तर आईने शेवटचं वाक्य त्याच्याकडे वळून म्हणावं. म्हणजे बैठक बदलणार, आणि बैठक बदलली की फोकस पुन्हा. शिडी काढायला सांगितली आहे. अशा डमी लोडसोबत (नुसता भार म्हणून जोडलेल्या दिव्यासोबत) छोटा बल्ब कुणी चालवला असेल तर किती वॅट पुरले ते कळवा, ५०० पेक्षा कमीत भागलं तर विंगेतली उष्णताही कमी होईल.