सुटणे आणि तुटणे

जुन्या गाडीत सायलेन्सरची नळी इंजिनाला जिथे येऊन मिळते, तिथे माझ्या गाडीला तीन नट आहेत. त्यांपैकी दोन फारशी कुरकुर न करता निघाले आणि तिसऱ्याने माझे तीन दिवस घेतले. या तीन दिवसांत गाडीखाली (नुसत्या जॅकच्या भरवशावर नव्हे, भक्कम स्टँड लावून) पाठीवर पडून मी जेवढा विचार केला, तेवढा एरवी बसूनही करत नाही.

एरवी नट सोडवणे हे आवळण्यापेक्षा सोपे असते. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक लांबलचक चढच. आवळताना आपण तो चढतो, सोडवताना उतरतो. शिवाय ताणला गेलेला बोल्ट स्वतःच नटाला उताराच्या दिशेने लोटत असतो. आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने 10 टक्केच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो आणि बाकीचा घर्षणात जिरतो, हे कळले तेव्हा मला माझ्या मनगटांची दया आली होती. गंज चढला की मात्र हा हिशेब पार बिघडतो. ज्या लोखंडापासून गंज तयार होतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, आणि आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत एवढी जागा नसल्यामुळे तो तिथे पाचरीसारखा ठासला जातो. त्यातून सायलेन्सरजवळचे नट रोज तापतात, निवतात, चाकांनी उडवलेले पाणी पितात. ते जाम झाले नसते, तरच नवल होते.

पहिला दिवस तेलाचा. डब्ल्यूडी-40 हा निळा-पिवळा डबा घरोघरी याच कामासाठी ठेवलेला असतो, पण 1953 साली तो तयार झाला तो धातूवरून पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातला 40 हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. चढून बसलेल्या गंजात शिरायला त्याहून पातळ, खास त्यासाठीच केलेली तेले बरी, आणि कोणत्याही तेलाला रात्रभराचा वेळ दिला तर आणखी बरे. मधूनमधून नटावर हातोडीने हलके ठोकावे, म्हणजे गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. हे ठोकणे रागाने करायचे नसते, हे मला दर वेळी नव्याने शिकावे लागते.

दुसऱ्या दिवशी पाना लावला. बारा कोनांचा पाना नटाच्या फक्त टोकांना धरतो आणि टोके एकदा घासली की नट गोल होऊन बसतो. म्हणून सहा कोनांचाच सॉकेट घ्यावा, तोही ठोकून घट्ट बसवलेला. मग आधी नट किंचित आवळून पाहावा. सोडवायला आलेल्या माणसाने आवळायचे, हे विचित्र वाटते. पण गंजाची पकड मोडायला कोणत्याही दिशेची हालचाल चालते. माझा नट दोन्ही दिशांना सारखाच ढिम्म होता.

खरी गोम पुढे आहे. पान्याला लांब पाइप जोडला की जोराला तोटा राहत नाही, आणि मग एका क्षणी हाताखाली काहीतरी मऊ पडल्यासारखे वाटते. सुटण्याआधी असेच वाटते आणि तुटण्याआधीही असेच वाटते. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा असतो, त्यातल्या दुसऱ्या 8 चा अर्थ असा की तुटण्याइतक्या ताणाच्या 80 टक्क्यांवर तो कायमचा वाकडातिकडा होऊ लागतो; या 80 आणि 100 च्या मधली जागा म्हणजे तो मऊपणा. त्यात गंजाने दांडा खाल्लेला असतो, आणि व्यास एक दशांशाने घटला तर पिळाला तोंड देण्याची ताकद चतुर्थांशाहूनही जास्त घटते. सुटणारा नट सहसा ‘कट्’ असा आवाज करतो, थांबतो, पुन्हा ‘कट्’ करतो. तुटणारा बोल्ट आवाज न करता पाव फेरा फिरू देतो आणि पाना सैल केला की थोडा मागे येतो. हे मागे येणे हाताला कळले की तिथेच थांबावे. मी अनेकदा थांबलेलो नाही. मोडका तुकडा मधोमध भोक पाडून काढत बसण्यात माझे काही रविवार गेले आहेत. म्हणून या वेळी त्या मऊपणाशी आलो आणि पाना खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी आच दिली. आधी आजूबाजूचे तेल पुसले, पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहिले आणि ज्योत फक्त नटावर धरली. नट तापला की त्याचे भोक आक्रसते अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते रुंदावते. किती, तर 10 मिलिमीटरचे भोक 300 अंश जादा तापून 0.036 मिलिमीटरने. एवढ्याशा फरकासाठी हा सारा आटापिटा, आणि या शब्दात ‘आटा’ असावा हे मला त्या क्षणी अगदी रास्त वाटले.

पाना लावला. ‘कट्’ झाले. पुन्हा ‘कट्’. नट फिरू लागला आणि मी गाडीखालून मोठ्याने ओरडलो. हातात आल्यावर पाहिले तर नट सुटलेला नव्हता आणि काही तुटलेलेही नव्हते. ज्या स्टडवर, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या दांड्यावर, तो बसला होता, तो स्टडच इंजिनाच्या बाजूचे आपले आटे सोडून अख्खा बाहेर आला होता, नटासकट. तिथे आता तांब्याचे ग्रीस लावून नवा स्टड बसवला आहे. जुनी जोडी एकदा व्हाइसमध्ये धरून, पाइप लावून पाहिली. हलली नाही.