माघी पुनवेला चालत सौंदत्ती : पहाटेची हुडहुडी आणि दुपारचं ऊन

बेळगावहून बैलहोंगलमार्गे सौंदत्तीचा यल्लम्मादेवीचा डोंगर ८० किलोमीटरच्या आसपास. माघी पुनवेला आम्ही घरची मंडळी चालत गेलो, काकीपासून शाळकरी भाच्यापर्यंत. पायाला फोड येतात हे सगळेच सांगतात. थंडी-उन्हाचं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

बेळगावकडे तांबडी माती, झाडी, सावली. बैलहोंगल जवळ आलं की काळी रानं लागतात, झाडं विरळ होतात. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. अशी जमीन दिवसा तापते आणि रात्री तितक्याच भराभर निवते. जिथं दुपारी अंगात शर्ट नको वाटतो तिथंच पहाटे दात वाजतात.

मुक्कामाला एका शेतकऱ्याने खळ्यावर जागा दिली. आम्ही ताडपत्री अंथरली, तर घरातल्या अज्जींनी ती उचलायला लावून खाली जोंधळ्याच्या कडब्याच्या पेंढ्या पसरायला सांगितल्या. अंगावर दोन वाकळा घेतल्या तरी गार जमीन खालून ऊब ओढून घेते. खाली वीतभर कडबा असला की एक वाकळ पुरते. मात्र विचारून घ्या, सकाळी पेंढ्या परत रचून द्या आणि जवळपास शेकोटी अजिबात पेटवू नका.

पहाटे तीनला निघालात तर स्वेटर घालून चालू नका. सुरुवातीला थोडं गारच वाटलं पाहिजे. आमच्या पुढच्या जथ्यातली पोरं स्वेटर-कानटोपी घालून झपाझप गेली, घामाने भिजली आणि चहाला थांबल्यावर वाऱ्याने कुडकुडायला लागली. स्वेटर पिशवीत वरच ठेवा, थांबल्या थांबल्या घाला. ओला सुती बनियन आधी बदला. घोंगडं ओलं झालं तरी थोडीफार ऊब देतं, सुती कपडा देत नाही. थंडी मारायला म्हणून काहीजण दारूचा घोट घेतात. त्याने अंग गरम झाल्यासारखं वाटतं, पण रक्त कातडीकडे येऊन आतली ऊब उलट बाहेर जाते. कुडकुडणं थांबून माणूस पेंगुळला, जीभ अडखळायला लागली, तर ते बरं लक्षण नव्हे. त्याला लगेच आडोशाला न्या, कोरडं करा, पांघरूण घाला.

अकरा ते साडेतीन चालायचंच नाही, हा आमचा नियम होता. तरी साडेदहालाच भाचा गप्प झाला. एरवी त्याचं तोंड बंद नसतं, म्हणून काकीच्या ध्यानात आलं. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला. चिंचेखाली बसवलं, बूट काढले, ओला पंचा मानेवर ठेवून वारा घातला, घोटघोट मीठ-साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळात तो बोलायला लागला आणि आमचा जीव भांड्यात पडला. प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम गळत असताना नुसतंच पाणी ढोसत राहिलं तरी त्रास होतो. वाटेतल्या घरांत मागितलं की खारं ताक मिळतं, त्याला लाजू नका. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा भोवळून पडला, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

डोंगराखाली जोगुळभावीच्या कुंडावर पहाटेच आंघोळ करायची असेल तर वयस्कर माणसांना एकटं सोडू नका. ओल्या लुगड्यानिशी वाऱ्यात रांगेला उभं राहण्यापेक्षा आडोशाला कोरडं नेसून, कान बांधून, चहा पिऊन वर चढावं. यल्लम्माआई रागावत नाही. आमच्या काकीने सूर्य वर आल्यावर आंघोळ केली आणि मगच भंडारा लावला.

चैत्री पुनवेला जाणाऱ्यांनी बैलहोंगलपर्यंत पहाटे-पहाटे चालावं, पुढे बस धरावी. तेव्हा पारा चाळिशीकडे असतो आणि त्या रानात बसायला सावली सापडत नाही.