तुना मोबाईल लंगडस

"पुढचा उजवा पाय चोरतोय. नको."

साताऱ्याकडच्या गिऱ्हाइकाचा एवढाच निरोप. भाव विचारला नाही, दात विचारले नाहीत. 22 सेकंदांची क्लिप पाहून त्याने चार वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, मारवाडी घोडा बाद केला होता, आणि ती क्लिप मी काढलेली होती.

मालक शिरपूरकडचा. तो खाली बसला, खुरापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवला. कुठे गरम लागत नाही, सूज नाही. खूर उचलून नालेच्या एकेका खिळ्यावर ठोकून पाहिलं. मग उठून मला अहिराणीत म्हणाला, "मना घोडा नही लंगडस भो, तुना मोबाईल लंगडस."

रागात बोलला, पण निम्मं खरं बोलला. उरलेल्या निम्म्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि तापीकाठी घोडेबाजार भरतो. लांबचं गिऱ्हाईक यायच्या आधी व्हिडिओ मागतं: दोन्ही बाजू, समोरून, मागून, दात, भोवरे, चाल. मोठा कॅमेरा बॅगेतच राहतो. क्लिप पाच मिनिटांत पोचली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घोड्यावर गेलेलं असतं.

भोवऱ्यांचं काम लोकांना अवघड वाटतं, पण ते सोपं आहे. गळ्यावरचा देवमन, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, दाखवायचा तर फ्लॅश अजिबात नको. एक तर घोडा बिचकतो, दुसरं म्हणजे समोरून पडलेल्या उजेडात केसांचा पीळ सपाट होऊन जातो. सकाळचं तिरपं ऊन बाजूने घ्यायचं, दोन-अडीच फुटांवर उभं राहून दोन पट झूम लावायचा, भोवऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करायचे. फार जवळ गेलं तर मोबाईल आपल्या मनाने मॅक्रोची लेन्स घेतो आणि स्वतःचीच सावली भोवऱ्यावर पाडतो. मारवाडीचे कान टोकाला जुळलेले दाखवायचे असतील तर मागे एकाने चिप्सचं रिकामं पाकीट चुरगाळायचं. कान उभे राहतात ते दोन सेकंद, तेवढ्यात सलग फोटो घ्यायचे. तिसऱ्यांदा तो पाकिटाला भीक घालत नाही.

रंगाचंही असंच. मोबाईल समोर येईल ते मधल्या करड्या रंगावर आणू पाहतो. काळा घोडा फ्रेमभर असला की तो धुरकट होतो आणि मागचं आभाळ पांढरं फट्ट. नुकरा, म्हणजे पांढरा घोडा असला की मळकट दिसतो. काळ्याला उजेडाची पट्टी एक घर खाली, नुकऱ्याला पाऊण घर वर. लोक याला फिल्टर लावतात. मग गिऱ्हाईक प्रत्यक्षात येऊन विचारतं, घोडा बदलला का?

खरी गोम चालीत आहे.

त्या दिवशी सात वाजायला दहा मिनिटं होती, नदीवरून धुकं आलेलं. मालकाला घाई. डांबरी रस्त्यावर पोराने घोडा दुडकीत काढला आणि मी मोबाईल हातात धरून बाजूने पळालो. सगळं ऑटोवर. सांगताना लाज वाटते, पण झालं ते झालं.

कमी उजेडात मोबाईल काय करतो ते पडद्यावर कळत नाही. सेटिंगमध्ये सेकंदाला 30 फ्रेम लिहिलेल्या असतात. उजेड पुरेना म्हणून तो गुपचूप शटर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि फ्रेम कमी करतो. क्लिपची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये नंतर पाहिलं: कमाल 30, किमान 15. दुडकीत पाय जमिनीवर टेकलेला असतो तो साधारण पाव सेकंद. 30च्या गतीने त्या पावलाच्या सात-आठ फ्रेम मिळतात, 15च्या गतीने तीन-चार. एकाच क्लिपमध्ये ही गती वरखाली झाली की एक पाऊल गुळगुळीत दिसतं आणि पुढचं तुटतं. लंगडणं डोळ्याला याहून वेगळं काय दिसतं?

वर स्टॅबिलायझेशन. मोबाईलच्या आतला जायरोस्कोप हाताचा हेलकावा मोजतो आणि फ्रेम कापून, सरकवून चित्र जागेवर आणतो. पण शटर उघडं असताना जो धक्का बसला त्याची पुसट त्या फ्रेममध्ये राहतेच. चित्र हलत नाही, मात्र पळणाऱ्याच्या प्रत्येक पावलागणिक ते एकदा धूसर होतं. माझं पाऊल आणि घोड्याचा उजवा पाय जुळला, की तोच पाय दर वेळी पुसट. शिवाय क्लिप व्हॉट्सॲपवर साधी पाठवली. फाइल लहान करायला ती दाबली जाताना आधी बळी जातात ते हलते बारीक भाग, म्हणजे खूर आणि गुडघे.

साडेआठला पुन्हा काढली. जागा बदलली, कारण रस्त्यावर ट्रकांची लांब सावली होती आणि मैदानात ऊन. मोबाईल स्टँडवर, घोड्याच्या कोपराच्या उंचीला. उभ्याने डोळ्याच्या उंचीवरून काढलं की पाय आखूड दिसतात, आणि अर्ध्या यात्रेच्या क्लिपा अशाच असतात. अंतर बारा पावलं, दोन पट झूम. वाइड लेन्सने जवळून काढलं तर डोकं मोठं आणि मागचा भाग लहान होतो. तीन पट झूमवर मी जात नाही, कारण उजेड कमी पडला तर पडद्यावर तीन दिसत असतानाही बरेच मोबाईल मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात.

प्रो मोड, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं. सेकंदाला 60 फ्रेम, शटर 1/2000, आयएसओ सर्वांत खाली, फोकस अंतरावर पक्का केलेला, व्हाइट बॅलन्स 5500वर लॉक, स्टॅबिलायझेशन बंद. फ्रेमच्या दुप्पट शटर ठेवा असं सगळे शिकवतात. ते लग्नाला ठीक. तसं धरलं तर इथे 1/120 येतं, आणि त्यात खूर म्हणजे नुसती रेघ. कॅमेरा फिरवायचा नाही, घोड्याने फ्रेम ओलांडायची, डावीकडून एकदा आणि उजवीकडून एकदा. मग समोरून येताना, पाठमोरा जाताना, आणि शेवटी स्लो मोशनमध्ये सेकंदाला 120 फ्रेमवर एक फेरी. लेन्स आधी फुंकून घेतली. यात्रेच्या धुळीत उपरण्याने कोरडी पुसली की बारीक वाळू काचेवर ओरखडे काढते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ती दाबली जात नाही.

घोडा स्वच्छ चालला. स्लो मोशनमध्ये मान एका लयीत. मालकाने ती क्लिप तीनदा पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नगरकडच्या एका गिऱ्हाइकाने व्हिडिओवरच सौदा ठरवला.

दुपारी जेवताना लक्षात आलं. पुढच्या पायाचं दुखणं बहुधा कडक जमिनीवर उघडं पडतं, भुसभुशीत मातीत झाकलं जातं. हे यात्रेतल्या कुठल्याही पोराला माहीत आहे. मी उजेड बघून जागा बदलली, आणि उजेडाबरोबर जमीनही बदलली.

मग पहिली क्लिप फ्रेम-फ्रेम पुढे ढकलत पाहिली. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली सोडतो. तीच खूण शोधायची. उजव्या पायाची अकरा पावलं सापडली, त्यांत चारदा मान वर. आता ती मान घोड्याने उचलली, की माझ्या पावलाने मोबाईल खाली गेला, हे कळायला मूळ हेलकावा हवा. तो स्टॅबिलायझेशनने कापून टाकलेला. पार्श्वभूमीवर मोजावं तर मागे नुसतं धुकं, एक खांबसुद्धा नाही.

मालकाला म्हटलं, आता ऊन आहे, रस्त्यावर 120 फ्रेमची एक फेरी काढू, दोन मिनिटांचं काम. तो पैसे मोजत होता. "आते कसाले?" म्हणाला. संध्याकाळी घोडा ट्रकमध्ये चढला.

तेव्हापासून पहिली फेरी मी डांबरावर घेतो, मोबाईल स्टँडवर ठेवून, मागे एखादा खांब किंवा भिंतीची कड फ्रेममध्ये येईल अशी जागा बघून. दोघा मालकांनी त्यावरून काम काढून घेतलं.

नगरच्या गिऱ्हाइकाने पहिली क्लिप मागितली नव्हती. मीही पाठवली नाही.